ब्रूस स्प्रिंगस्टीन कधी कारखान्यात कामाला गेलाच नाही, मग त्याची कामगारांची गाणी एवढी खरी कशी वाटतात?

साइड_बी
मंडळी, नेब्रास्का अल्बमवरचा तो सिनेमा आला तेव्हापासून मी स्प्रिंगस्टीन, हा अमेरिकन रॉक गायक, नीट ऐकायला लागलोय. आधी फक्त बॉर्न इन द यूएसए माहीत होतं, आता नेब्रास्का, डार्कनेस आणि द रिव्हर हे तीन अल्बम आलटून पालटून चालू असतात. नेब्रास्का तर त्याने 1982 च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेकच्या भाड्याच्या घरात, बेडरूममध्ये बसून, चार ट्रॅकच्या टीॲक कॅसेट रेकॉर्डरवर एकट्यानेच केला. खरं तर डेमो म्हणून केला होता, मग स्टुडिओत बँडबरोबर वाजवून बघितला पण कॅसेटवर जे होतं ते काही परत येईना, शेवटी ती कॅसेटच अल्बम म्हणून बाहेर आली.

त्यातलं जॉनी 99 डोक्यातून जात नाहीये. न्यू जर्सीतल्याच माहवा गावातला मोटारीचा कारखाना बंद पडतो, राल्फची नोकरी जाते, दुसरीकडे शोधतो तर मिळत नाही, दारू पिऊन येतो आणि रात्रपाळीच्या एका क्लार्कला गोळी घालतो. कोर्टात त्याला 99 वर्षांची शिक्षा होते. त्यावर तो निर्दोष आहे म्हणत नाही, तो म्हणतो माझ्यावर फेडता येणार नाही इतकं कर्ज होतं, बँक घर घ्यायला टपली होती, आणि मला जन्मठेपेपेक्षा फाशीच द्या. बास. माहवाचा फोर्डचा कारखाना खरंच 1980 मध्ये बंद झाला होता, म्हणजे गाणं आलं तेव्हा तिथली माणसं नोकरी शोधतच हिंडत असतील.

आता माझा प्रश्न. ऑफिसातला एक मित्र म्हणतो हे सगळं ढोंग आहे, हा माणूस आयुष्यात कधी कारखान्यात राबला नाही, 2021 मध्ये गाण्यांचे हक्क सोनीला विकून 50 कोटी डॉलरच्या आसपास मिळवल्याच्या बातम्या होत्या, 2022 ला तिकिटं विक्रीला आली तेव्हा काही तिकिटांचे भाव 5000 डॉलरपर्यंत गेले होते. आणि स्प्रिंगस्टीनने स्वतःच 2017 च्या ब्रॉडवेच्या कार्यक्रमात सांगितलंय की मी कारखान्याचा आतला भाग बघितलेला नाही तरी आयुष्यभर त्याबद्दलच लिहीत आलो. आपल्याकडे नारायण सुर्वेंना गिरणी कामगाराने वाढवलं, ते स्वतः गिरणीत राबले, शिपाई झाले, मग शिक्षक, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आहे असं आपण मानतो ना. मग याच्या शब्दाला ते वजन कुठून आलं? ज्यांनी जास्त ऐकलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

एडिसनकर
मी बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे आणि फ्रीहोल्ड, म्हणजे तो वाढला ते गाव, इथून गाडीने फार लांब नाही त्यामुळे थोडं लिहितो. वजन कुठून आलं याचं उत्तर त्याच्या घरातच आहे. वडील डग्लस. त्यांनी गावातल्या गालिच्यांच्या गिरणीत काम केलं, फोर्डमध्ये केलं, बस चालवली, तुरुंगात गार्ड होते, मध्ये मध्ये घरी बसून होते. एक नोकरी धरून आयुष्य काढलं असं त्यांचं झालंच नाही. गालिच्यांची गिरणी साठच्या दशकात बंद झाली आणि गावाचा कणाच गेला. नेसकॅफेचा कारखाना पण होता, वारा त्या बाजूने आला की गावभर कॉफीचा वास यायचा हे तो अजूनही सांगतो.

आणि ते किचन. स्टेजवर त्याने कितीतरी वेळा सांगितलेली गोष्ट आहे ही, वडील रात्री घरातले सगळे दिवे बंद करून स्वयंपाकघरात अंधारात बसायचे, समोर बिअर, हातात सिगरेट, आणि हा पोरगा रात्री उशिरा परत आला की त्यांच्या समोरून जावं लागायचं. मग वाद. मला वाटतं त्याची निम्मी गाणी त्या किचनमध्येच सुरू झालीत. फॅक्टरी हे गाणं ऐका, डार्कनेसमध्ये आहे, 1978 चं, जेमतेम सव्वादोन मिनिटांचं. सकाळचा भोंगा, बाप उठतो, जेवणाचा डबा घेतो, पावसातून गेटकडे जातो. त्यात तो म्हणतो की कारखाना बापाचे कान घेतो आणि कारखानाच त्याला जगवतो. ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हटलीत, मध्ये पण नाही, तरी नाही, काही नाही. हे लिहायला मशीनवर उभं राहावं लागत नाही, पण मशीनवरून घरी आलेल्या माणसाबरोबर राहावं लागतं. संध्याकाळी गेटमधून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या डोळ्यांत काय असतं आणि आज रात्री कोणीतरी मार खाणार हे पोराला आधीच कसं कळतं, ते पण त्याच सव्वादोन मिनिटांत आहे.

आणि द रिव्हर. ते त्याच्या सख्ख्या बहिणीचं आणि मेहुण्याचं आहे. ती शाळकरी वयातच लग्न करून मोकळी झाली, मेहुणा बांधकामावर होता, सत्तरच्या दशकाच्या शेवटी मंदी आली आणि काम गेलं. 1979 च्या सप्टेंबरमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला अणुऊर्जेविरोधी कार्यक्रमात त्याने ते पहिल्यांदा म्हटलं, बहीण प्रेक्षकांत होती. नंतर स्टेजमागे येऊन तिने मिठी मारली आणि म्हणाली हे माझं आयुष्य आहे. ज्याच्यावर लिहिलंय त्यानेच अशी पावती दिली तर अजून कसलं सर्टिफिकेट पाहिजे?

रात्रपाळी
एडिसनकर, छान लिहिलंत, पण मी थोडं वेगळं बोलणार आहे. मी युनियनमध्ये बरीच वर्षं काढली आहेत आणि माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर विणणारे, होते. नेब्रास्का 1982 च्या सप्टेंबरअखेर आला, तेव्हा इकडे गिरणी संपाला आठ महिने होऊन गेले होते, 18 जानेवारीला सुरू झाला होता, अडीच लाख माणूस बाहेर होता. आमच्या घरात त्या वर्षी काय चाललं होतं ते मला आठवतंय म्हणून मला राल्फचं गाणं लगेच कळतं, बँक नाही पण सावकार आणि किराणावाला होताच.

माझी तक्रार श्रीमंतीबद्दल नाही. कलाकाराने पैसे कमवावेत. माझी तक्रार अशी की मी त्याची जेवढी गाणी ऐकली त्यात माणूस एकटा आहे. नोकरी गेली की एकटा गाडीत बसतो, एकटा दारू पितो, बायकोशी बोलणं बंद करतो, नाहीतर बंदूक उचलतो. शेजारचा कुठे गेला? त्याच दिवशी त्याच गेटबाहेर पडलेली दुसरी हजार माणसं कुठे आहेत? द रिव्हरमध्ये पोराला एकोणिसाव्या वाढदिवसाला युनियनचं कार्ड मिळतं, लग्नाच्या कोटाबरोबर, आणि त्यानंतर अख्ख्या गाण्यात युनियन परत येतच नाही. आमच्याकडे शाहीर कामगारासाठी गायचा तेव्हा समोर मैदान भरलेलं असायचं आणि गाण्यात आपण असायचो, मी नसायचो. स्प्रिंगस्टीनच्या गाण्यात संप नाही. दुःख अगदी खरं आहे, बारकावे खरे आहेत, पण लढा दिसत नाही, आणि कामगाराचं आयुष्य म्हणजे नुसतं सोसणं नव्हे हो.

एडिसनकर
रात्रपाळी, मुद्दा एकदम रास्त आहे आणि गाण्यांपुरता मी तो मान्य करतो. फक्त गाण्यांच्या बाहेर काय झालं ते पण नोंदवून ठेवतो. 1984 च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन प्रचाराला न्यू जर्सीत हॅमंटनला आले आणि भाषणात याचं नाव घेऊन टाकलं, की अमेरिकेचं भविष्य या तुमच्या पोराच्या गाण्यातल्या आशेत आहे वगैरे. दोनच दिवसांनी याचा पिट्सबर्गला कार्यक्रम होता. स्टेजवर म्हणाला, राष्ट्राध्यक्षांनी माझं नाव घेतलं, त्यांचा आवडता अल्बम कुठला असेल याचा विचार करत होतो, नेब्रास्का नसावा, आणि सरळ जॉनी 99 सुरू केलं. त्याच पिट्सबर्ग दौऱ्यात तो होमस्टेडच्या पोलाद कामगारांच्या युनियनला, लोकल 1397 ला, भेटला आणि बेकार झालेल्यांसाठी ते जी धान्यपेढी चालवत होते तिला 10,000 डॉलर दिले. त्यानंतर गावोगावच्या कार्यक्रमात तिथल्या धान्यपेढीचं नाव घेऊन लोकांना मदत करायला सांगणं हे त्याचं कायमचंच झालं.

आणि फ्रीहोल्डची गोष्ट तर इथे फारशी कोणाला माहीत नसते. 1985 ला थ्रीएम कंपनीने गावातला ऑडिओ व्हिडिओ टेप बनवायचा कारखाना बंद करायचं ठरवलं. म्हणजे लहानपणी गालिच्यांची गिरणी गेली आणि आता हा. स्प्रिंगस्टीन आणि गायक विली नेल्सन यांनी मिळून पेपरात जाहिरात दिली, कंपनीला जाहीर विनंती, की हा कारखाना बंद करू नका. 1986 च्या जानेवारीत ॲस्बरी पार्कला स्टोन पोनी क्लबमध्ये त्या कामगारांसाठी कार्यक्रम केला आणि तिथे माय होमटाउन म्हटलं, जे दीड वर्षापूर्वीच आलेलं होतं आणि ज्यात फोरमन सांगतो की पोरांनो, ह्या नोकऱ्या गेल्या, आता परत यायच्या नाहीत. कारखाना बंद झालाच. पण तो आला होता, कामगारांबरोबर उभा राहिला होता, ते लोक विसरले नाहीत.

मीनल_पी
बॉर्न इन द यूएसएबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण तिथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. ते झेंडा फडकवायचं गाणं नाहीच. व्हिएतनामहून परत आलेला माणूस रिफायनरीत काम मागायला जातो, भरती करणारा म्हणतो माझ्या हातात असतं तर दिलं असतं, मग माजी सैनिकांच्या ऑफिसात जातो तर तिथला माणूस म्हणतो बाबा तुला कळत नाहीये का. भाऊ तिकडेच मेलाय. कोरस एवढा दणदणीत आहे की मधली कडवी कोणी ऐकतच नाही. ते गाणं पण आधी नेब्रास्काच्याच कॅसेटवर होतं, एकटा गिटारवर, ते व्हर्जन नंतर ट्रॅक्स या जुन्या न काढलेल्या गाण्यांच्या संचात आलं. एकदा ते ऐका, मग स्टेडियमवालं ऐका.

साइड_बी, तुमच्या मूळ प्रश्नावर माझं मत असं की तो कामगारांच्या वतीने बोलत नाही म्हणून ते खरं वाटतं. तो बाजूला होतो आणि त्या माणसाला बोलू देतो. नेब्रास्काची गाणी बघा, समोर कोणीतरी साहेब बसलाय आणि हा माणूस खाली मान घालून त्याला सांगतोय अशी लिहिलेली आहेत. माझे बाबा वर्कशॉपमध्ये होते, बँकेत किंवा शाळेत साहेबांसमोर ते असेच बोलायचे, हळू, अदबीने, आधी सगळी हकीकत सांगणार आणि खरं काय हवंय ते सगळ्यात शेवटी, तेही अर्धवट. घरी त्याच माणसाचा आवाज वेगळा असायचा. हे दोन आवाज ज्याला ऐकू येतात त्याला मी ढोंगी म्हणणार नाही.

मला खटकतं ते वेगळंच. बायका. द रिव्हरमधली मेरी बघा, तिचं आयुष्य नवऱ्याइतकंच उद्ध्वस्त झालंय पण आपल्याला फक्त त्याच्याकडून कळतं की तिला आता कशाचंच काही वाटत नसल्यासारखी ती वागते. ती काय म्हणते? त्याच्या स्वतःच्या घरात नियमित पगार आणायची ती आई होती, ॲडेल, वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरी, रोज सकाळी तयार होऊन वेळेवर कामावर जायची, आणि चांगली गिटार तिनेच कर्ज काढून घेऊन दिली. तिच्यावर द विश म्हणून गाणं आहे, फार प्रेमाने लिहिलंय, पण ते 1998 पर्यंत बाहेरच काढलं नाही. बापावर एवढे अल्बम आणि आई ट्रॅक्सच्या पेटीत! घर चालवणारीचं कष्टाचं काम त्याला उशिरा दिसलं असं मला वाटतं आणि याचं मला वाईट वाटतं कारण दिसल्यावर त्याने किती सुंदर लिहिलं असतं ते त्या एका गाण्यातच कळतं.

भिलाईकर
मी रिटायर्ड आहे, पोलाद कारखान्यात नोकरी झाली, आधी ब्लास्ट फर्नेसला आणि नंतर मिलला. रॉक वगैरे मला फार कळत नाही, मुलाने एकदा यंग्सटाउन हे गाणं ऐकवलं, 1995 चं आहे, आणि शब्द छापून दिले. तेव्हापासून मी या माणसाला मानतो. रात्रपाळी साहेब, तुम्ही म्हणता लढा दिसत नाही, हे गाणं ऐका, मग बोलू.

ओहायोतल्या यंग्सटाउनचं आहे. 1803 मध्ये दोन भावांना तिथल्या ओढ्याकाठी खनिज सापडलं इथपासून सुरू होतं. भट्टी उभी राहते, यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यासाठी तोफगोळे होतात, मग पुढच्या युद्धांत रणगाडे आणि बॉम्ब. बाप भट्टीवर, मुलगा व्हिएतनामहून येऊन भट्टीवर. मुलगा चढत चढत स्कार्फर होतो. आता हे काम ज्याने बघितलं नाही त्याला सांगतो. स्लॅब म्हणजे पोलादाची जाड लादी, ती रोल व्हायच्या आधी तिच्या अंगावर भेगा, पापुद्रे, खपल्या असतात, त्या तशाच रोल केल्या तर माल खराब निघतो. तर ऑक्सिजन आणि गॅसचा टॉर्च घेऊन तो वरचा थर जाळून काढायचा. ठिणग्यांचा पाऊस, धूर, पायाखाली तापलेलं लोखंड, जाड जॅकेटमध्ये घामाने अंघोळ, चष्म्याच्या आतून काही धड दिसत नाही आणि हात तर स्थिर पाहिजे, जास्त जाळलं तर स्लॅबला खड्डा. गाण्यात तो म्हणतो हे काम सैतानालाही शोभलं असतं. मी वाचून थांबलो. भट्टी, हातोडा, घाम असं सगळेच लिहितात, स्कार्फर लिहायला माणसाने कोणाचं तरी नीट ऐकून घेतलेलं असावं लागतं.

पुढे म्हणतो टॅकोनाइट, कोक (भाजलेला दगडी कोळसा) आणि चुनखडी यांनी माझी पोरं पोसली. टॅकोनाइट म्हणजे कमी प्रतीचं लोहखनिज, मिनेसोटाकडचं, दळून गोळ्या करून वापरतात. भट्टीत वरून जे टाकतात ते हेच, खनिज, कोक, चुनखडी. बरोबर जे टाकतात तेच लिहिलंय.

आणि गाण्यातली जेनी. माझा मुलगा म्हणाला बाबा ती त्याची मैत्रीण असेल. मी म्हटलं अरे ती भट्टी आहे! तिकडे भट्ट्यांना बायकांची नावं द्यायची पद्धत, ही जेनेट, कंपनीच्या अध्यक्षांच्या मुलीच्या नावावरून, लोक जेनी म्हणायचे. आपल्याकडे काय वेगळं आहे, भिलाईची आठ नंबर महामाया, राउरकेल्याला पार्वती आणि दुर्गा, विशाखापट्टणमला गोदावरी, कृष्णा, अन्नपूर्णा. भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालते, तिला थंड होऊ द्यायचं नसतं, तिची तब्येत बिघडली तर घरी जेवण जात नाही. त्यामुळे तो जेनीला सांगतो की मी बुडतोय, ते मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

19 सप्टेंबर 1977, सोमवार, यंग्सटाउन शीट अँड ट्यूब या पोलाद कंपनीने कॅम्पबेल वर्क्स हा कारखाना बंद करायचं जाहीर केलं, 5000 च्या आसपास नोकऱ्या एका दिवसात गेल्या, तिथले लोक अजून त्याला ब्लॅक मंडे म्हणतात. मग एकेक करून बाकीचे. गाण्यात म्हातारा बाप म्हणतो जे हिटलरला जमलं नाही ते या बड्या लोकांनी करून दाखवलं. आणि मुलगा मालकाला तोंडावर सांगतो की साहेब, मी तुम्हाला इतकं श्रीमंत केलं की तुम्हाला माझं नाव विसरणं परवडलं. शेवटी तर म्हणतो मला स्वर्ग नको, तिथलं काम मला जमायचं नाही, मला नरकातल्या भट्टीवरच उभं करा.

आता साइड_बी, तुमच्या मित्राला सांगा की हे गाणं त्याने पुस्तक वाचून लिहिलं. डेल मॅहॅरिज आणि मायकल विल्यमसन या दोघांनी बेकार होऊन देशभर भटकणाऱ्या कामगारांबरोबर फिरून पुस्तक केलं होतं, 1985 चं, ते वाचून लिहिलं. पण पुढच्याच जानेवारीत तो यंग्सटाउनला गेला आणि त्या लोकांसमोर बसून म्हटलं. ज्यांनी जेनी चालवली होती ती माणसं समोर होती. चूक असती तर तिथेच कळली असती.

रात्रपाळी
काका, ऐकलं. दोनदा ऐकलं. मालकाला तो जे बोलतो ते मला पटलं, तेवढं माझ्या म्हणण्यातून वजा करतो. पण हा माणूसही शेवटी एकटाच उभा आहे, हा माझा मुद्दा मी सोडत नाही. मात्र एक गोष्ट लक्षात आली, 1977 ला यंग्सटाउनमध्ये युनियन होती, मोठी होती, तरी कारखाना गेला. आमच्याकडेही तेच. लढून हरलेल्या माणसाला कोणी मैदानात बोलावत नाही, तो घरीच बसतो. वडील नंतर कधी गिरणीच्या रस्त्याने गेले नाहीत, लांबून वळसा घालून जायचे. त्या काळावर आपल्याकडे लिहिलं गेलंय पण माझ्या वडिलांसारखा माणूस बोलतोय असं गाणं मला अजून सापडलेलं नाही. कोणाला माहीत असेल तर लिंक टाका, मला खरंच हवंय.

साइड_बी
सगळ्यांचे मनापासून आभार, मित्राला हा धागाच पाठवलाय. तिकिटांच्या भावाचा राग मला अजूनही आहे, ज्यांच्यावर गाणी लिहिली त्यांना आत शिरता येत नाही हे बरोबर नाहीच, ते काही गाण्यांनी भरून निघत नाही. भिलाईकर काका, यंग्सटाउनच्या दोन चाली दिसतायत यूट्यूबवर, एक शांत आणि एक जोरदार बँडवाली. तुम्ही कुठली ऐकलीत?

भिलाईकर
मुलाने शांत ऐकवली होती, द घोस्ट ऑफ टॉम जोड अल्बममधली, शब्द त्यातच नीट लागतात. दुसरी न्यूयॉर्कच्या लाइव्ह अल्बममधली असेल, 2001 ची, तिच्यात शेवटी त्याच्या बँडमधला नील्स लॉफग्रेन गिटार वाजवतो. आधी शांत ऐका आणि मग ती लावा, आवाज मोठा ठेवून. टॅपिंगच्या वेळी, म्हणजे वितळलेलं लोखंड बाहेर काढताना, फर्नेससमोर उभं राहिलं की कानात जे होतं ते त्या गिटारमध्ये आहे.